चकतीवरचे कुंकू

अहवालाचे शेवटचे वाक्य असे आहे : ‘संबंधित शिक्षकाच्या अंधश्रद्धेमुळे शासनाचे एक मौल्यवान यंत्र निकामी झाले, योजनेत कोणताही दोष आढळून आला नाही.’ वाक्य सुबक आहे. भोपाळला ते वाचणाऱ्याला पुढे काही विचारावेसे वाटणार नाही, आणि वाक्याचे प्रयोजनही तेच आहे. तरी त्यातला एकेक शब्द सुटा करून पाहण्यासारखा आहे.

‘यंत्र’ म्हणजे एक संगणक. डहीच्या पुढे, टेकडीच्या उतारावर असलेल्या एका खेड्यातल्या शासकीय शाळेत तो जीपमधून आला. ज्यांच्या सहीने अहवाल गेला त्याच अधिकाऱ्यांनी त्या दिवशी नारळ फोडला आणि पडद्याच्या काचेवर कुंकवाने स्वस्तिक काढले. त्याचे छायाचित्रही निघाले. त्या कुंकवाला समारंभ म्हणतात. ‘मौल्यवान’ म्हणावे, तर शाळेच्या भिंतीत तीन पिनांचा प्लग नव्हता म्हणून यंत्राने एक पावसाळा आणि एक हिवाळा खोक्यातच काढला, आणि त्या खोक्यावर शिपाई भेरूलाल आपली भाकरीची पिशवी ठेवी. ‘योजनेत दोष नाही’ याचा अर्थ असा, की यंत्राबरोबर एकच चकती, म्हणजे फ्लॉपी, दिली होती. चकती गुणाची होती. ज्याला संगणकाची भाषा येत नाही अशा शिक्षकानेही तिच्यावर चित्रे मांडावीत, आकडे भरावेत, प्रश्न जोडावेत आणि स्वतःच्या गावाचा, स्वतःच्या मुलांसाठी विज्ञानाचा पाठ रचावा, अशी सोय कोणा दूरच्या शहाण्याने तिच्यात करून ठेवली होती. रचलेला पाठ त्याच चकतीवर साठे. दुसरी चकती दिली नव्हती. बाहेरून आणलेली शासकीय यंत्रात घालायला मनाई होती, आणि नक्कल करणे हा गुन्हा होता. शिक्षकाने कोरी चकती मागितली तेव्हा ‘पुढील टप्प्यात विचार होईल’ असे उत्तर आले. तो टप्पा अद्याप यायचा आहे.

राहिला ‘संबंधित शिक्षक’. त्याला नाव होते. नीलकंठ दफ्तरदार.

दफ्तरदार मूळचे धारचे. नीलकंठचे वडील, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, संस्थानच्या खजिन्यात कारकून होते. संस्थान गेले, भाऊंचा ताठा तेवढा राहिला आणि म्हातारपणी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मुलगा तहसीलदार होईल असे त्यांनी धरून ठेवले होते. तो मास्तर झाला, आणि मास्तर होऊन कुक्षी तहसिलाच्या टोकाला, जिथे मराठी बोलायला घरापलीकडे माणूस नाही अशा ठिकाणी बदलून आला. भाऊ आणि नीलकंठची बायको प्रमोदिनी त्याच्याबरोबर आली. भाऊंनी याबद्दल मुलाला कधी बोल लावला नाही. ते त्याच्या कामाविषयी बोलतच नसत.

सत्त्याऐंशी साली पावसाने दगा दिला. आषाढ कोरडा गेला, श्रावणात धूळ बसेल एवढेच शिंपण झाले. कपास वीतभर होऊन थांबली. भादव्यात गावातले हापसे वारा उपसू लागले तेव्हा प्रमोदिनी खालच्या फळियातल्या विहिरीवर जाऊ लागली. फळिया म्हणजे भिलाला आदिवासींची वस्ती. दोर पुरेना म्हणून तिने जुन्या लुगड्याचा काठ फाडून त्याला जोडला, पुढच्या आठवड्यात आणखी एक.

एका सकाळी ती हंडा उतरवून उंबऱ्यावर बसली. “अहो, आज बाल्टी तळाला टेकली.”

“टेकली? दोर किती गेला?”

“हाताला फोड आलेत ते बघायचं सोडून दोर किती गेला विचारता.”

“दोन्ही बघतो.”

“आधी फोड.”

त्याने तिचे तळवे पाहिले. फोड फुटून खालची कातडी गाजरासारखी लाल झाली होती. त्याने खोबरेल लावले, चिंधी बांधली आणि मग दोर हाताहाताने मोजून गाठी मारायला बसला. प्रमोदिनी हसली, पण तोंड फिरवून.

“वरच्या शेतातली मोटर काल दिवसभर चालू होती,” ती म्हणाली. “बायका म्हणत होत्या, मोटर चालते त्याच्या दुसऱ्या दिवशी आमची विहीर बसते. खरं का हो?”

“खरं असणार. पण असणार म्हणून चालत नाही, दाखवावं लागतं.”

यातून पाठ निघाला. पुस्तकात ‘भूजल’ नावाचा धडा होता, आणि त्यात परदेशातल्या कुठल्याशा नदीखोऱ्याचा छेद काढला होता. मुले तो पाठ करीत आणि परीक्षेनंतर विसरत, जे योग्यच होते. नीलकंठने चकतीवर आपला उतार काढला. वर एक विहीर मोटरीची, मध्ये एक, खाली एक. जमिनीखाली पाण्याची रेघ. एक कळ दाबली की मोटर चाले आणि रेघ वाके. दुसरी दाबली की दिवस पुढे सरके. आकडे कुठून आणायचे? ते प्रमोदिनीच्या दोरातून आले. रोज ती पाणी भरून आली की कितव्या गाठीपर्यंत दोर गेला ते तो विचारी, आणि वीज असेल तेव्हा शाळेत जाऊन त्या गाठी यंत्राला सांगे. वीज मोटरींसाठी सोडत, दुपारची. म्हणजे वरच्या शेतात विहीर उपसली जात असे त्याच तासांत शाळेच्या खोलीत ती पडद्यावरही उपसली जाई. या योगायोगाची दखल कोणत्याही अहवालात नाही.

पडद्यावर नागरी अक्षरे उमटत नसत. त्याने हिंदी शब्द रोमन लिपीत लिहिले आणि तेच फळ्यावर नागरीत. मुले दाराबाहेर चपला काढून आत येत. ज्यांना चपला नव्हत्या त्यांना भेरूलाल पाय झटकायला लावी. पहिल्या दिवशी रुमली नावाची आठवीतली मुलगी पुढे बसली. तिने मोटरीची कळ दाबली आणि दाबूनच धरली. खालच्या विहिरीतली रेघ उतरत उतरत तळाला गेली.

“मास्साब,” ती म्हणाली, “यो तो हमारो कुवो छे.”

“हे नुसतं चित्र आहे, बेटा. कोणाचीही विहीर असेल.”

“नी. हमारोच छे.” तिने कळ सोडली आणि पडद्याकडे पाहत राहिली. “मोटर बंद करी दी. तो भी पाणी क्यों नी चढ़्यो?”

नीलकंठला आपल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत पुस्तकात नसलेला प्रश्न मुलांच्या तोंडून प्रथमच ऐकू येत होता. त्याचे उत्तर त्याने आधीच चकतीत घालून ठेवले होते. दिवसाची कळ पुन्हा पुन्हा दाबली, की रेघ मुंगीच्या पावलाने वर येई, आणि तीही पाऊस भरला तरच. त्याने ते सांगितले नाही. “तूच शोध,” म्हणाला. त्या आठवड्यात मुले यंत्राच्या खोलीतून हाकलून बाहेर काढावी लागली.

नीलकंठने कार्यालयाला कळवले. उत्तर या वेळी लवकर आले. योजनेला दाखवण्याजोगे काहीतरी हवेच होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः साहेब येणार. पाठ पसंत पडला तर चकती धारला नेऊन तिच्या प्रती निघतील, सगळ्या शाळांत जातील, आणि पाठ रचणाऱ्याला धारच्या प्रशिक्षण केंद्रात घेतले जाईल.

“म्हणजे नळाचं पाणी,” प्रमोदिनी म्हणाली.

“भाऊंच्या डोळ्यांचं ऑपरेशनही होईल तिथे.”

“आणि तुमची विहीर?”

“तेच तर. प्रती निघाल्या की ती कुठे जायची नाही. आज त्या एका चकतीला काही झालं तर पुन्हा सगळ्या गाठी कुठून आणू? ते दिवस गेले.”

चकती पातळ, काळ्या आवरणातली, हातभर उंचीवरून आदळली तरी चालेल अशी नव्हे. आवरणाला एका बाजूस लांबट खिडकी होती, तिच्यातून आतला तपकिरी पृष्ठभाग उघडा दिसे; यंत्र तिथूनच वाचत असे. त्या खिडकीला हात लावायचा नाही, धूळ लागू द्यायची नाही, हे नीलकंठ मुलांना रोज सांगे. शाळेचे छप्पर पत्र्याचे, त्याखाली कपाट तापे. म्हणून चकती तो घरी आणी आणि घरातल्या सगळ्यांत गार जागी ठेवी. ती जागा म्हणजे मातीच्या भिंतीतला देवांचा कोनाडा.

भाऊ सकाळी चाचपडत पूजा करीत. एक दिवस त्यांचा हात चकतीच्या कागदी पाकिटाला लागला.

“इथं रोज काय ठेवतोस रे?”

“शाळेचं आहे, भाऊ.”

“ते कळलं. काय आहे?”

नीलकंठ थबकला. भाऊंनी त्याच्या शाळेतले काही विचारलेले त्याला आठवत नव्हते. “विहीर आहे त्यात,” तो म्हणाला.

“विहीर.”

“तीन. वरची उपसली की खालची आटते. मुलं स्वतः उपसून बघतात.”

“आणि नाही उपसली तर?”

“भरते. पण फार हळू.”

भाऊंनी पाकीट दोन्ही हातांच्या बोटांनी चाचपले, कडेने, कोपऱ्यांनी, जसे नाणे पारखावे तसे. “तू केलीस ही?”

“चकती नाही. आतली विहीर मी केली.”

“हं,” भाऊ म्हणाले, आणि पाकीट देवांपासून चार बोटे दूर होते ते देवांना टेकवून ठेवले.

दफ्तरदारांच्या घरी दसऱ्याला शस्त्रे आणि सरस्वती एकाच पाटावर मांडत. कर्त्या पुरुषाने आपल्या कामाचे हत्यार तिथे ठेवायचे, आणि एकदा पूजले की दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, अशी जुनी शिस्त. भाऊ आपले पितळी कलमदान ठेवीत. नीलकंठ नोकरीला लागल्यापासून खडू ठेवी. पहिल्या वर्षी भाऊंनी तो खडू पाहिला होता, तेव्हा त्यांना दिसत होते. “झिजून जाणारी वस्तू,” ते म्हणाले होते, “हिला हत्यार कसं म्हणायचं?” पुढे त्यांनी काही म्हटले नाही, पण पूजा करताना इतर सगळ्या वस्तूंवर त्यांचे बोट जाई, खडूला मात्र प्रमोदिनी कुंकू लावी.

त्या वर्षी झेंडू मिळेना. प्रमोदिनीने कुक्षीच्या बाजारातून चारसहा खुरटी फुले आणली, पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. नीलकंठने खडू ठेवला.

“खडू असू दे,” भाऊ म्हणाले. “तुझी विहीर आण.”

“भाऊ, ती नाजूक असते. देवांजवळ आहेच की.”

“जवळ वेगळं, पाटावर वेगळं. आण.”

त्याने पाकीट आणून पाटावर ठेवले. भाऊंनी हात लावून पाहिले आणि मान हलवली. “म्यानातली तलवार पूजलेली ऐकली आहेस कधी? उघडी ठेव.”

प्रमोदिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिले. नीलकंठने चकती पाकिटातून काढली आणि कलमदानाशेजारी ठेवली.

भाऊंनी करंगळीशेजारचे बोट ओल्या कुंकवात बुडवले. कलमदानाला लावले. मग डाव्या हाताने चकती शोधली, तिची कड शोधली, मधले गोल भोक लागले ते ओलांडले. बोट खाली सरकू लागले. कपाळ कुठे आहे ते पाहत असल्यासारखे ते संथपणे सरकत होते. लांबट खिडकीच्या काठाशी आले, तिथे अडखळले, आणि इथेच, असे ठरवून आत टेकले. ठसठशीत, वरून खाली. मग अक्षता, मग फुलाने पाणी शिंपडले. भाऊंनी हात जोडले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

“आज हलवायचं नाही,” ते म्हणाले.

“नाही,” नीलकंठ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, उत्तरपूजा उरकल्यावर, त्याने चकती अंगणात उजेडाला नेली. तपकिरी पृष्ठभागावर कुंकू वाळून चिकटले होते, आणि आवरणाच्या आतही शिरले होते. हलवले की बारीक खरखर ऐकू येई. दवाखान्यातून मागून आणलेल्या स्पिरिटमध्ये कापूस भिजवून तो पुसू लागला. लाल रंग निघाला. त्याच्याबरोबर तपकिरीही निघाला.

प्रमोदिनी शेजारी टेकली. तळव्यांवरच्या चिंध्या तिने काढून टाकल्या होत्या, खाली नवी कातडी आली होती. “साहेबांना सांगा, आज नाही दाखवता येत.”

“कारण काय सांगू?”

“माझं नाव सांगा. बाईमाणसानं केलं म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही.”

“तेवढ्यासाठीच नको.”

“मग भाऊंचं तरी.”

त्याने चकती पाकिटात सरकवली. आतून भाऊंचा आवाज आला, “निघालास का रे? उशीर नको करू. धारच्या माणसाला वेळेची कदर असते.”

साहेब धारचे नव्हते, देवासचे होते. यशवंतराव, यंत्र आले तेव्हा नारळ फोडणारे तेच, तिथल्या जुन्या घराण्यातले, बोलण्यात मराठी आणि माळवी सरमिसळ, अंगाने भरलेले, स्वभावाने वाईट नव्हेत. त्यांची जीप शाळेच्या आवारात शिरली तेव्हा तिच्या तोंडावर दसऱ्याचा झेंडूचा हार होता आणि बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक. बंपरला लिंबू-मिरच्या. भेरूलालने जीपलाही हात जोडले.

“काय भिया नीलकंठराव, कुठंय तुमची विहीर? आम्ही तर तहानेलो आहोत.” स्वतःच्या विनोदावर ते हसले. मुले चपला काढून आधीच बसली होती, रुमली पुढे.

नीलकंठने चकती घातली. दिवा लागला. जात्यात खडा यावा तसा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. पडद्यावर एक आकडा आणि इंग्रजीत दोन शब्द उमटले. त्याने चकती काढली, सदऱ्याच्या बाहीने पुसली, पुन्हा घातली. आवाज आता वेगळा होता, खरवडल्यासारखा. तिसऱ्यांदा दिवाच लागला नाही. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, पण मुलांसमोर त्याला पुसावासा वाटेना.

“मास्साब, कुवो नी आयो?” रुमलीने विचारले.

यशवंतरावांनी चकती हातात घेऊन उजेडाकडे धरली. “हे लाल काय?”

नीलकंठने यंत्र बंद केले.

“साब, कंकू है,” भेरूलाल मदतीच्या भावनेने म्हणाला. “दसरे की पूजा होय है नी. मैंने भी घंटे को लगाया.”

मागच्या बाकावर कोणीतरी हसले, आणि मग सगळेच, हसू नये हे कळत नव्हते म्हणून. रुमली तेवढी हसली नाही. ती अजून पडद्याकडे पाहत होती.

“नीलकंठराव,” यशवंतराव हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही तर विज्ञानाचे.”

यापुढचे सगळे रीतीप्रमाणे झाले. यंत्र खोक्यात घालून धारला गेले. वाचणारा भागच खराब झाल्याचे आढळले. प्रशिक्षण केंद्रातली जागा दुसऱ्या कोणाला मिळाली, ज्याने कधी पाठ रचला नव्हता आणि म्हणून काही बिघडवलेही नव्हते. नीलकंठकडून विज्ञान काढून घेण्यात आले. त्याला खेळ आणि बागकाम दिले. बाग नव्हती, पाणी नव्हते. तो रोज शेवटच्या तासाला मुलांना मैदानात उभे करून शिटी वाजवी, आणि त्या वेळी वरच्या शेतातल्या मोटरीचा आवाज येत असे. फळियातली विहीर दिवाळीपूर्वीच संपली. रुमलीचे घर कामाला गुजरातेकडे गेले. हजेरीपटावर तिच्या नावापुढे बरेच दिवस ‘गैरहजर’ लागत होते. भाऊंना काही सांगितले नाही. ते अधूनमधून विचारीत, “धारचा हुकूम आला का?” आणि प्रमोदिनी म्हणे, “येईल, सरकारी काम आहे.” कोनाड्यात त्यांचा हात अजूनही जाई. तिथे काही नसे.

जबाब मात्र साहेब आले त्याच दिवशी झाला, शाळेच्या ओसरीवर. यशवंतरावांनी मुलांना घरी पाठवले, भेरूलालला चहाला धाडले आणि पेन उघडले.

“हे बघा, मी घरच्यासारखं सांगतो. लिहून टाकू की घरातल्या बाईनं नकळत केलं. किंवा वडील वृद्ध आहेत, दिसत नाही. नकळत, एवढा शब्द असला की पुरे. प्रकरण इथंच मिटेल.”

“नकळत नव्हतं.”

“भिया, समजून घ्या. मलाही वर काहीतरी द्यावं लागेल. कोरी चकती का नव्हती, हे कोणी विचारणार नाही, आणि विचारलेलं आवडणारही नाही.”

“विचारा म्हणत नाही मी.”

“मग तुम्ही पूजाअर्चेनं यंत्र चालतं असं मानता? तसं लिहू?”

“मी सांगतो ते लिहा.”

यशवंतरावांनी उसासा टाकला. “बरं. मराठीतच बोला. कार्यालय हिंदी करून घेईल.”

कार्यालयाने हिंदी केली ती पहिल्या तीन वाक्यांचीच. अहवालाला तेवढी पुरली. नीलकंठ दफ्तरदार बोलला ते सगळे, जसेच्या तसे, असे होते :

‘चकतीला कुंकू लावलं गेलं, हे खरं आहे. माझ्या घरी, माझ्यासमोर. पाकिटातून ती मी स्वतः काढली. पुसून यंत्रात घातली तीही मीच, आणि पुन्हा पुन्हा घातली. खिडकीला बोट लागलं तर काय होतं हे मी मुलांना शिकवतो, तेव्हा ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येत नाही. कुंकवानं चकती चालते असं मला कधीही वाटलं नाही. माझ्या वडिलांना दिसत नाही. त्यांचं बोट खिडकीकडे सरकत होतं ते मी बघत होतो. भाऊ, थांबा, एवढं म्हणायला भरपूर वेळ होता. माझ्या कामाच्या वस्तूला ते पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं कुंकू लावत होते. मी म्हटलं नाही.’